जुनी पद्मिनी पुन्हा घाटात न्यायची तर: चोक, पॉइंट, स्टिअरिंगवरचा गिअर आणि ड्रम ब्रेक

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात घरच्या शेडमध्ये १९८६ ची प्रीमिअर पद्मिनी सात वर्षं उभी आहे. गाडी वडील चालवायचे. मुलाने आजवर इंजेक्शनच्याच गाड्या चालवल्यात, त्यामुळे चोक कधी ओढायचा आणि स्टिअरिंगवरचा गिअर कसा टाकायचा याचा अंदाज नाही. गाडी चालू करून यवतेश्वरवरून कासला आणि मग पसरणी घाट चढून पाचगणीला न्यायची इच्छा आहे. सांगलीच्या मामांच्या अँबेसिडरचा डिपर (हेडलाइट हाय-लो करायचा स्विच) पायाखाली आहे आणि तिचे हेडलाइट कायम मंद, पिवळे लागतात, तेही विचारलंय. या जुन्या वस्तू काढून नव्या बसवाव्यात का?

सरसकट काढू नका. आज जे काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतो ते या गाड्यांत ड्रायव्हर करतो, एवढाच फरक आहे. इंजिन थंड की गरम हे तुम्ही ओळखायचं आणि चोक तेवढा ओढायचा. चाक आणि इंजिनाचा वेग तुम्ही जुळवायचा आणि मग गिअर टाकायचा. यातल्या बऱ्याच वस्तू बिघडण्याआधी चुकीच्या वापरानेच बदनाम झाल्या आहेत. काही मात्र खरोखरच बदलाव्यात, त्या ओघात येतील.

आधी सात वर्षांचा मुक्काम. लगेच सेल्फ मारू नका. एअर क्लीनर उघडून उंदरांनी घर केलंय का बघा, शेडमधल्या गाडीत हे हमखास असतं. चारही प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये साधारण १० मिली, म्हणजे दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लग काढलेलेच ठेवून चौथा गिअर टाका आणि गाडी हाताने पुढे-मागे हलवा. इंजिन फिरलं तर पुढे जा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडून दोन दिवस थांबा. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्याला व्हार्निशसारखा वास येतो आणि तळाशी डिंकासारखा थर असतो. तोच थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घाला. टायरची नक्षी कितीही छान दिसो, बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सात वर्षं एकाच जागी उभे राहिलेले टायर घाटात नेऊ नयेत.

आता चोक. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब पाइपाच्या भिंतीलाच चिकटून राहतात. म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त द्यावं लागतं. हे तीन प्रकारे केलेलं असतं. साध्या कार्बोरेटरमध्ये वरच्या तोंडाला पडदी असते, ती बंद होते. एसयू नावाच्या कार्बोरेटरमध्ये जेटच खाली सरकतो. सोलेक्स कार्बोरेटरच्या काही मॉडेलांत पडदी नसते, पेट्रोलची वेगळी स्टार्टर वाट असते. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते एअर क्लीनर काढून एकदा बघून ठेवा, कारण वापर वेगळा आहे. पडदी असेल तर चोक पूर्ण ओढून एक्सलेटर एकदा-दोनदा दाबून सोडायचा आणि मग सेल्फ. स्टार्टर वाट असेल तर एक्सलेटरला पायही लावायचा नाही. तो दाबला की ओढ कमी होते आणि त्या वाटेने पेट्रोलच येत नाही. 'फुल चोक देऊनही गाडी घेत नाही' ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरच मिटते.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. इंजिन लागलं की चोक अर्धा आत. गाडी लगेच हळू चालवायला घ्या, उभ्या उभ्या तापवत बसू नका. अर्धा ते एक किलोमीटरमध्ये चोक पूर्ण आत गेला पाहिजे. डिसेंबरात पाचगणीला मुक्काम असेल तर थोडा जास्त वेळ, साताऱ्यात मे महिन्यात जवळजवळ नाहीच. चोक बाहेर राहिला तर काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लगवर काजळी हे दिसतंच. न दिसणारं नुकसान मोठं: जादा पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला, तर 'गाडी ऑइल खात नाही' म्हणून खूश होऊ नका. चोकची तार तपासा आणि ऑइल बदला. एसी पंपाचा (इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोलच्या पंपाचा) डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फाटला तरी नेमकं हेच दिसतं, म्हणून दोन्ही बघायचं.

चोकची खुंटी अर्ध्यावर टिकत नाही, आपोआप आत जाते, हा जुन्या ड्रायव्हरांच्या आठवणीतला नेहमीचा विषय. त्यावर कपड्याचा लाकडी चिमटा लावायची युक्तीही तितकीच जुनी. कायमचा उपाय म्हणजे तार आणि वरची नळी दोन्ही नवीन घालणं. आतली तार गंजली की उलटा प्रकारही होतो: खुंटी आत जाते, पडदी मात्र उघडत नाही. नवीन तार बसवल्यावर खुंटी पूर्ण आत असताना पडदी उभी आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

इंजिन पेट्रोलने भरलं, म्हणजे फ्लड झालं, तर चोक आत, एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरा (पंपासारखा मारू नका) आणि सात-आठ सेकंद सेल्फ द्या. नाही लागलं तर प्लग काढून पुसा, दहा मिनिटं हवा लागू द्या. परत लावताना प्रत्येक प्लग आधी हातानेच पूर्ण फिरवा, पाना शेवटच्या घट्टपणापुरताच. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. वाकडा प्लग पान्याने रेटला की आटे गेलेच.

पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क, हा दुसरा मोठा विषय, आणि 'गाडीत दम राहिला नाही' याचं सगळ्यात स्वस्त कारणही तोच. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. गॅप साधारण ०.४ मिमी, जुन्या भाषेत १६ थाऊ, म्हणजे इंचाचे १६ हजारांश. डिस्ट्रिब्युटरची कॅप (झाकण) आणि आतला रोटर काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये ढकलत पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणा. गॅप तिथेच मोजायची. इतर कुठेही मोजलेली गॅप निरर्थक. स्क्रू सैल करून पट्टी सरकवा, फीलर गेज (ठराविक जाडीची मापपट्टी) हलक्या ओढीने निघालं पाहिजे. स्क्रू आवळताना गॅप हमखास हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा.

टाच झिजते तशी गॅप कमी होते आणि टायमिंग मागे जातं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. गाडी चढाला मरते, गरम होते, पेट्रोल जास्त पिते. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. म्हणून कॅमवर उडदाच्या डाळीएवढं ग्रीस लावायचं. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर जातं. पॉइंट घासायला पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण धातूत रुततात आणि पॉइंट आणखी जळतात. बारीक सपाट कानस फिरवा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेला जाड कागद पॉइंटमधून ओढा. एका पॉइंटवर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा पडला असेल तर घासत बसू नका. नवीन सेट घाला आणि कंडेन्सरही (पॉइंट जळू न देणारा छोटा डबा) बदला. गॅप बदलली की टायमिंग बदलतं, तेव्हा तेही गाडीच्या पुस्तकातल्या अंशांवर १२ व्होल्टचा बल्ब लावून बघून घ्या. प्लगच्या वायरी गोंधळल्या तर पेटण्याचा क्रम १-३-४-२. पद्मिनी आणि जुनी अँबेसिडर दोन्हींचा तोच.

पावसाळ्यात महाबळेश्वरच्या बाजूला गेलात की कॅप ओल धरते. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ती पुसून जात नाही. करंटने कोरलेली ती वाट असते. कॅप बदला.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवावा का? बसवायला हरकत नाही. कॉइल त्याला जुळणारी हवी आणि जुना पॉइंट-कंडेन्सरचा सेट डिकीत हवा. किट वाटेत गेला तर तो दुरुस्त करता येत नाही. पॉइंट गेला तर स्क्रूड्रायव्हरने घरापर्यंत येता येतं.

आता यवतेश्वर. मे महिन्यात चढाला गाडी दोन-तीन आचके देते, बंद पडते, सेल्फ फिरतो पण घेत नाही. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटची जी आठवण घराघरांत सांगतात, ती बहुतेक हीच. गॅरेजमध्ये याला 'पेट्रोलने हवा धरली' म्हणतात. खरं तर ती पेट्रोलचीच वाफ. एसी पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. सेकंड गिअरमध्ये इंजिन पळतं पण गाडीचा वेग कमी, म्हणून बॉनेटखालून वारा जात नाही. पंपात किंवा कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोल उकळतं आणि पंप नुसती वाफच ढकलत राहतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची वाफ थोडी लवकर होते, त्यामुळे हा त्रास आता जास्त जाणवेल.

पण पंप थंड करायला घ्यायच्या आधी खात्री करा, कारण तापलेला कंडेन्सर किंवा कॉइलही हुबेहूब असंच करते. एका प्लगची वायर काढून इन्सुलेशनला धरा आणि टोक इंजिनाच्या धातूपासून ५-६ मिमीवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी आली तर कंडेन्सर आणि कॉइल बघा. करंट ठीक असेल तर ही तपासणी संपवून वायर जागेवर लावा, मगच पेट्रोलकडे वळा. ठिणगी आणि उघडं पेट्रोल एकाच वेळी नको. कॉइलची वायर काढून ठेवा, कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने आलं पाहिजे. बुडबुडे आले किंवा काहीच आलं नाही, तर वाफच.

उपाय जुनाच: बॉनेट उघडा, एसी पंप आणि नळीवर ओला फडका गुंडाळा, १० ते १५ मिनिटं थांबा. पाणी ओतू नका. तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या ओतीव नळीवर) गार पाणी पडलं तर ओतीव लोखंड तडकतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. पुन्हा पुन्हा होत असेल तर पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब घ्या आणि मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. पंपाखालचा जाड उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का बघा. पंप खोलला की कुणीतरी तो फेकून देतं आणि साधं पॅकिंग बसवतं, हे फार वेळा दिसतं. फॅनचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मिमी दबला पाहिजे. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं असेल तर आत चुन्याचा थर असणारच. कोअर साफ करून कूलंट भरा.

पेट्रोलचंच पुढचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाच्या पट्ट्यातलं असतं. या गाड्या त्यासाठी केलेल्या नाहीत. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, २० टक्के इथेनॉलला साधारण १३.५ ला १. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण अशक्त (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, चढाला गाडी अडखळते आणि गरम चालते. मेन जेट एक पायरी मोठा घालून प्लगचा रंग बघा: भाजल्या विटेसारखा तपकिरी चांगला, पांढरट म्हणजे अजून अशक्त. रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉल चालेल अशा रबराचेच घ्या. जुन्या नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात, आतून भुगा होतो. इथेनॉल ओल शोषतं, म्हणून महिनोन्‌महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

स्टिअरिंगवरच्या गिअरला लोक उगाच घाबरतात. कोणता गिअर कुठे लागतो याचा नकाशा गाडीसोबतच्या पुस्तकात असतो. गाडी बंद असताना क्लच दाबून वीसेक वेळा सगळे गिअर टाका, हाताला सवय होते. दांडा मुठीत आवळून धरू नका, तळहाताने ढकला आणि बोटांनी ओढा. खरी अडचण पहिल्या गिअरची आहे. या दोन्ही गाड्यांत पहिल्याला सिंक्रो (दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी कडी) नाही. गाडी चालती असताना पहिला टाकला की दात किरकिरतात. पसरणीच्या नागमोडी वळणावर पुढे एसटी आडवी आली, गाडी सेकंडमध्ये मरायला लागली, तर दोनच मार्ग: पूर्ण थांबून पहिला टाकणं किंवा डबल क्लच. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, एक्सलेटरला एक झटका द्या, क्लच पुन्हा दाबा, पहिला टाका. मधल्या झटक्याने इंजिन आणि गिअरपेटीतल्या दात्यांचा वेग जुळतो. सराव सपाटीवर करा. चढावर शिकायची ही गोष्ट नाही.

दांडा फार हलतो, गिअर लागला की नाही कळत नाही, तर दोष बहुधा गिअरपेटीत नसतो. जोडदांड्यांचे बुश झिजलेले असतात. तयार मिळाले नाहीत तर लेथवर करून घेता येतात. मिरज किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम अवघड नाही, नमुना म्हणून जुना बुश मात्र न्या. दांडा मध्येच अडकला तर रेटू नका. इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा, बॉनेट उघडून जोडदांडे हाताने न्यूट्रलला आणा.

आता ब्रेक, आणि इथे काटकसर नको. चारही चाकांना ड्रम, आणि जुन्या गाड्यांत पाइपाची ओळ एकच. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून मास्टर सिलेंडर आणि चाकांच्या सिलेंडरचे रबर, तिन्ही-चारही लवचीक नळ्या आणि सगळं ब्रेक ऑइल नवीन घाला, ऑइल डॉट ३. सात वर्षांत ऑइलने ओल शोषलेली असते. घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. पेडल एका दाबात खाली जाऊन दुसऱ्या दाबात वर येत असेल, तर बहुतेक शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमपासून लांब गेलेत. चाक जॅकवर घ्या, अॅडजस्टर चाक अडेपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरेपर्यंतच मागे घ्या. पेडल स्पंजासारखं लागलं तर हवा आहे; सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून हवा काढा.

पाचगणीहून वाईला उतरताना बारा-तेरा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरच्या आसपास उतार आहे. माणसं धरून बाराशे किलोची गाडी एवढी खाली आणायची, तर ती उष्णता कुठेतरी जाणारच. ती इंजिनाकडे जाऊ द्या: ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, म्हणजे बहुतेक वेळ सेकंड. ब्रेक सतत घासत ठेवू नका. जोरात दाबून वेग पाडा आणि सोडा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरायची पद्धत एकेकाळी सर्रास होती. ड्रमच्या गाडीत ती सोडून द्या. तापला की ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो आणि शूवरच्या लायनरची पकड कमी होते. जळका वास आला, पेडल कडक पण गाडी थांबत नाही असं झालं, तर अजून खालच्या गिअरमध्ये या, सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. ड्रमवर पाणी नको. थांबल्यावर चाकामागे दगड लावाल, तो निघताना उचलून कडेला टाका. घाटात मधोमध पडलेले दगड बरेचसे असेच येतात.

सांगलीच्या मामांसाठी वेगळी सूचना. कृष्णेचं पाणी आलेल्या रस्त्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जातं आणि पहिले दोन-चार ब्रेक लागतच नाहीत. बाहेर आल्यावर सावकाश चालवत पेडल हलकं दाबून धरा, शंभर-दोनशे मीटरमध्ये ड्रम कोरडे होतात. गाडी पुरात उभी राहिली असेल तर सेल्फ न मारता इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल काढून बघा. दुधी दिसलं की आत पाणी आहे.

पायाखालचा डिपर खरं तर सोयीचा: हात स्टिअरिंगवरून काढावा लागत नाही. दोष त्याच्या जागेत आहे. चपलेची माती, पावसाचं पाणी सगळं त्यावरच, आणि हेडलाइटचा पूर्ण प्रवाह त्याच्यातून जातो. दोन ५५ वॅटचे बल्ब म्हणजे ९ अँपिअरहून जास्त. आतले संपर्क गंजले की व्होल्टेज तिथेच पडतं आणि उजेड पिवळा होतो. बल्बच्या पिनेवर मीटर लावा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर वाट खराब आहे. स्विच साफ करा, अर्थिंगच्या जागा घासा आणि हाय-लो दोन्हींना रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) बसवा. स्विचमधून मग नाममात्र प्रवाह जातो आणि दिसायला गाडी मूळचीच राहते. हे न करता १०० वॅटचे बल्ब लावले तर वायरिंग वितळेल. गाडीत जुना डायनामो असेल तर त्याची क्षमता २२ अँपिअरच्या आसपास, आणि इंजिन मंद असताना तो चार्ज करतच नाही. सिग्नलला लाल दिवा मिणमिणला तर तो बिघाड नाही. रात्री, पावसात, वायपर लावून रोज फिरायचं असेल तर अल्टरनेटर घालणं शहाणपणाचं. आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तिथे अल्टरनेटर थेट जोडला की लगेच जळतो, एलईडीही लागत नाही किंवा बिघडतो.

राहिलेलं पटकन. पुढच्या चाकांचे किंगपिन आणि जोडांना ग्रीस निप्पल असतात. दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीस गन लावा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा ठेवाच. आतल्या बाजूला पूर्ण वळवल्या की एसी नसलेल्या गाडीत त्यांच्याइतका वारा दुसरं काही देत नाही. पाणी गळत असेल तर रबर बदला. उलट्या उघडणाऱ्या दारांची फियाट, जिला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणतात, घेतली असेल तर पुढच्या दारांचे लॉक आणि बिजागऱ्या आधी बघा. चालत्या गाडीत ते दार सुटलं तर वारा ते उघडूनच टाकतो. जीपला किंवा अँबेसिडरला हँडल मारायची वेळ आली तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला वेढू नका, आणि खालून वर ओढा. वरून खाली दाबू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर वर ओढणाऱ्या हातातून हँडल सुटतं, दाबणाऱ्याचं मनगट मोडतं.

पैसे लावायचा क्रम: ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या, रेडिएटर, मग वायरिंग. रंग आणि सीट सगळ्यात शेवटी. पहिली फेरी घाटाची नको, साताऱ्याहून कोरेगावला जाऊन परत या. परतल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन बघा (टेकवू नका). एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर त्याचा शू सुटत नाहीये, ते चाक खोला. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी कुठे काय गळलं ते बघा. पुठ्ठ्यावर ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल नसेल तर सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, यवतेश्वर चढायला घ्या. डिकीत ५ लिटर पाणी, फॅनचा पट्टा, पॉइंट-कंडेन्सर, प्लगचा पाना, फीलर गेज आणि एक जुना पंचा असू द्या.